दुसरा कॅमेरा नव्हता : झाक तातीच्या ‘प्लेटाइम’चं प्रकरण

डिसेंबर १९६७मध्ये पॅरिसला ‘प्लेटाइम’ लागला तेव्हा त्याचा दिग्दर्शक, फ्रेंच विनोदी नट झाक ताती, साठ वर्षांचा होता. नावावर पूर्ण लांबीचे तीनच चित्रपट, पण तिन्ही गाजलेले. तिसऱ्याला तर ऑस्कर. त्यानंतरच्या सात वर्षांत त्याचं घर विकलं गेलं, कंपनी अवसायनात निघाली आणि कंपनीकडे असलेले चित्रपटांचे हक्क लिलावात गेले.

हे प्रकरण बहुतेक वेळा एकाच साच्यात सांगितलं जातं. हट्टी कलावंत, त्याने एका चित्रपटासाठी अख्खं शहर उभारलं, पैसा संपला, माणूस बुडाला. ऐकायला झकास आहे, पण हिशेब मांडून बघितला की यात काहीतरी जमत नाही असं वाटायला लागतं. शहर बांधणं हा तातीचा सगळ्यात महागडा निर्णय होता हे खरं. सगळ्यात चुकीचा मात्र तो नव्हता, असं माझं मत आहे. घात करणारे निर्णय कर्जाच्या कागदांवर आणि वितरणाच्या अटींमध्ये होते. ते नीट कळण्यासाठी ‘प्लेटाइम’च्या वीस वर्षं आधीपासून सुरुवात करावी लागेल.

दोन कॅमेरे, दोन आवृत्त्या

मूळ नाव झाक तातिशेफ. जन्म १९०७चा, पॅरिसजवळच्या ल पेक गावचा. आजोबा रशियन. घरचा धंदा चित्रांच्या चौकटींचा, आणि पोराने तोच पुढे चालवावा ही साहजिक अपेक्षा. पण सव्वासहा फुटांच्या या पोराचा जीव रग्बीत. सामना संपला की तो संघातल्या गड्यांना हसवायला नकला करायचा. गोल अडवणारा गोलकीपर, टेनिस खेळाडू, आणि सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे घोडेस्वार, ज्यात घोडाही तोच आणि स्वारही तोच. त्यातून म्युझिक हॉलमधला कार्यक्रम उभा राहिला आणि १९३६मध्ये कोलेतसारख्या लेखिकेने त्याच्यावर भरभरून लिहिलं. म्हणजे सिनेमात शिरण्याआधी हा माणूस नुसत्या अंगाच्या हालचालींवर पोट भरत होता. पुढे त्याच्या चित्रपटांत संवादांना कधी फार भाव मिळाला नाही, तो यामुळेच.

१९४७मध्ये त्याने पहिला मोठा चित्रपट हाती घेतला, ‘ज्युर द फेत’. सेंत-सेव्हेर-स्युर-अँद्र नावाच्या खेड्यात जत्रा भरते, आणि तिथल्या पोस्टमनला अमेरिकेतल्या वेगवान टपालाची फिल्म बघून चेव चढतो, एवढीच कथा. तातीला हा चित्रपट रंगीत करायचा होता. गाव एरवी करड्या रंगाचं आणि जत्रेच्या दिवसापुरतं रंगीबेरंगी दिसावं, अशी कल्पना. त्यासाठी थॉमसन-कलर हे फ्रान्समधलंच नवंकोरं तंत्र वापरायचं ठरलं. पण खबरदारी म्हणून रंगीत कॅमेऱ्याच्या शेजारी दुसरा एक कृष्णधवल कॅमेराही लावला गेला.

चित्रीकरण संपलं. थॉमसन-कलरच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याचं तंत्र काही केल्या जमेना. चित्रपटगृहात दाखवता येईल अशी एकही रंगीत प्रत निघाली नाही. मग शेजारच्या कॅमेऱ्यातली कृष्णधवल फिल्म संकलित झाली आणि १९४९मध्ये तोच चित्रपट म्हणून पडद्यावर आला. तोही सहजासहजी नाही. वितरक आधी हात लावायला तयार नव्हते. प्रेक्षकांसमोर प्रयोग करून दाखवल्यावर, लोक खदखदून हसले तेव्हा दारं उघडली. तातीचं नाव झालं ते त्या शेजारच्या कॅमेऱ्यामुळे. त्याच्या डोक्यातला रंगीत चित्रपट लोकांनी पाहिला तो १९९५मध्ये, मुलगी सोफी हिने तो जुन्या निगेटिव्हवरून जुळवल्यावर. तोवर ताती जाऊन तेरा वर्षं झाली होती.

यानंतरचा ‘मस्यू युलोची सुट्टी’ १९५३चा. समुद्रकाठच्या सें-मार्क-स्युर-मेर या गावात चित्रित झालेला. त्यात तो पाइपवाला, पुढे झुकून चालणारा, आखूड पँटमधला उंच माणूस, म्हणजे खुद्द तातीने रंगवलेला युलो, पहिल्यांदा दिसला. युलो जगभर चालला. पटकथेला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण निर्माता फ्रेद ओराँ याच्याशी तातीचं बिनसलं. तातीने ‘स्पेक्टा फिल्म्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि तिथून पुढे दिग्दर्शकही तोच, निर्माताही तोच. घोडा आणि स्वार.

१९५८चा ‘मों ओंक्ल’ या कंपनीचा. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रेंच चित्रपट करतानाच तातीने त्याची इंग्रजी आवृत्तीही समांतर चित्रित केली. महत्त्वाचे संवाद इंग्रजीत, पाट्या इंग्रजीत, लांबी थोडी कमी. अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी केलेली ही सोय होती. चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात विशेष परीक्षक पुरस्कार आणि पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सांगतात की त्या वेळी हॉलीवूडमध्ये तुम्हाला काय हवं असं विचारल्यावर त्याने स्टॅन लॉरेल, मॅक सेनेट आणि बस्टर कीटन या मूकपटांच्या जमान्यातल्या विनोदी मंडळींना भेटायची इच्छा व्यक्त केली.

म्हणजे १९४७मध्येही आणि १९५८मध्येही तातीने स्वतःला हवा तोच चित्रपट केला, पण दोन्ही वेळा शेजारी एक दुसरी वाट उघडी होती. ‘प्लेटाइम’मध्ये तशी वाट कुठे होती, हे बघायचंय.

तातीव्हिल

ऑस्करनंतर युलोला घेऊन आणखी दोन-तीन चित्रपट काढणं सोपं होतं. पण तातीला युलोचाच कंटाळा आला होता. त्याला असा चित्रपट हवा होता ज्यात पडद्यावरचा प्रत्येक माणूस थोडाथोडा विनोदी असेल आणि नायक कुणीच नसेल. पार्श्वभूमी म्हणून नवं पॅरिस. तेव्हा ओर्ली विमानतळाची काचेची नवी इमारत झाली होती, ला देफाँस भागात एस्सो कंपनीची टोलेजंग कचेरी उभी राहिली होती. सगळीकडे काच, पोलाद आणि राखाडी फरशा. हे सगळं त्याला एकाच चौकटीत मावायला हवं होतं, म्हणून ७० एमएम, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएमच्या दुप्पट रुंदीची फिल्म.

ओर्लीचा विमानतळ आणि चालू कचेऱ्या महिनोन्‌महिने कोण अडवून देणार? म्हणून सेटच उभारायचा ठरला. पॅरिसच्या पूर्वेला, व्हँसेनच्या जंगलाला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर १९६४च्या उत्तरार्धात काम सुरू झालं. कलादिग्दर्शक युजेन रोमाँ. शंभरेक कामगार राबत होते. पंधरा हजार चौरस मीटर जागा, बाराशे चौरस मीटर काच, खरे चालते जिने, डांबरी रस्ते, सिग्नल, आणि विजेसाठी स्वतःचं केंद्र. मागच्या काही इमारती चाकांवर होत्या. कॅमेऱ्याची जागा बदलली की इमारत ढकलून हवी तिथे न्यायची. दूरच्या गर्दीत माणसांचे पूर्ण उंचीचे कापलेले फोटो उभे केलेले आहेत. एकदा कळलं की ते शोधायचा नादच लागतो. लोकांनी या वस्तीला नाव दिलं तातीव्हिल.

वादळाने सेटची नासधूस केली. दुरुस्तीला लाखो फ्रँक लागले. पैसे संपले की काम थांबायचं, कर्ज मिळालं की पुन्हा सुरू व्हायचं. असं करत चित्रीकरण १९६७पर्यंत रेंगाळलं.

आता सेटच्या खर्चाबद्दल. तातीचा युक्तिवाद असा होता की एलिझाबेथ टेलर किंवा सोफिया लॉरेनला नायिका म्हणून घेतलं असतं तरी एवढाच पैसा गेला असता. यात बढाई असेल, पण मुद्दा बिनबुडाचा नाही. चित्रपटात एकही तारका नाही. बार्बरा या अमेरिकन पर्यटक तरुणीचं काम केलेली बार्बारा डेनेक तातीच्या शेजारी कामाला आलेली जर्मन मुलगी होती, अभिनेत्री नव्हे. शिवाय सेट नंतर मोडायचा नाही, तरुण दिग्दर्शकांना शिकायला आणि चित्रीकरणाला तो राहू द्यायचा, असं ताती धरून चालला होता. त्याच सेटवर ‘कूर द्यु स्वार’ हा लघुपटही झाला. म्हणजे त्याच्या लेखी तो एका चित्रपटाचा खर्च नव्हता, पुढे कामाला येणारी वास्तू होती. हिशेबाची ही पद्धत चुकीची नव्हती. फक्त जमीन त्याची नव्हती. चित्रीकरण संपल्यावर सेट पाडला गेला, तिथून रस्ता जायचा होता. दुसऱ्याच्या जागेवर पक्कं बांधकाम करणाऱ्याला गावातला गवंडीही दोन शब्द सुनावेल, पण कंपनीचा मालकच दिग्दर्शक असल्यावर सुनावणार कोण?

पडद्यावर

इथे थोडं थांबायला हवं, कारण ७० एमएमचा हट्ट नेमका कशासाठी होता हे चित्रपटातला एखादा प्रसंग बारकाईने बघितल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीच्या भागात युलो एका काचेच्या कचेरीत जिफार नावाच्या अधिकाऱ्याला भेटायला येतो. म्हातारा दरवान त्याला बसवतो. समोर लांबलचक, सरळ, रिकामा कॉरिडॉर. त्याच्या पार दुसऱ्या टोकाला जिफार दिसतो, इवलासा. बुटांचे आवाज मात्र स्पष्ट. टक्, टक्, टक्. युलो उठायला जातो. दरवान हाताने खुणावतो, बसा, अजून वेळ आहे. पावलं वाजत राहतात. माणूस मोठा होत होत येतो. युलो पुन्हा उठू बघतो, पुन्हा बसतो. मधे काहीही कापलेलं नाही, कुणाचा चेहरा जवळून दाखवलेला नाही. चौकटीच्या एका टोकाला वाट पाहणारे दोघं, दुसऱ्या टोकाला चालणारा एक. विनोद आहे तो या दोन टोकांमधल्या अंतरात आणि बुटांच्या आवाजात. पडदा लहान केला की जिफारचा ठिपका होतो आणि विनोद संपतो.

चित्रपटाचा उत्तरार्ध ‘रॉयल गार्डन’ या रेस्टॉरंटच्या उद्घाटनाच्या रात्री घडतो. रंग अजून ओला आहे, फरशी उखडून वेटरच्या बुटाला चिकटते, खुर्च्यांच्या पाठीला असलेल्या लोखंडी मुकुटाचा छाप गिऱ्हाइकांच्या कोटावर उमटतो. युलो दाराच्या काचेवर आदळतो आणि अख्खं दार चक्काचूर होऊन खाली पडतं. उरते ती पितळेची मोठी गोल मूठ. दरवान ती मूठ हातात धरून उभा राहतो. गिऱ्हाईक आलं की तो मूठ अदबीने मागे नेतो, नसलेलं दार ‘उघडतो’, गिऱ्हाईक आत जातं आणि बक्षिसी देतं. कुणालाही काही वावगं वाटत नाही. आत हळूहळू छताचा सांगाडा खाली येतो, वाद्यवृंद सोडून जातो, आणि ज्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती ते लोक पहाटेपर्यंत नाचत बसतात. या गदारोळात एका वेळी पडद्यावर सात-आठ ठिकाणी सात-आठ गोष्टी चालू असतात. कुठे बघायचं हे दिग्दर्शक सांगत नाही, फार तर आवाजाने सुचवतो. आवाज सगळे नंतर, एकेक करून, चढवलेले. गादीच्या खुर्चीतून सुटणाऱ्या हवेचा फुस्स असा आवाजसुद्धा.

यातल्या पॅरिसमध्ये पॅरिस जवळजवळ नाहीच. आयफेल टॉवर दिसतो तो काचेचं दार उघडताना त्यावर पडलेल्या प्रतिबिंबात, क्षणभर. अमेरिकेहून आलेल्या पर्यटक बायका ज्या शहरात हिंडतात ते कुठलंही शहर असू शकतं.

हे सगळं बघितल्यावर मोठ्या पडद्याबद्दलचा तातीचा आग्रह समजतो. तो दुराग्रह नव्हता, चित्रपटाची रचनाच त्या आकारावर बेतलेली होती. प्रदर्शनाच्या वेळची अडचण वेगळी.

प्रदर्शन आणि अटी

चित्रपट लागला तेव्हा त्याची लांबी सुमारे अडीच तास होती. समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी वाखाणला. दिग्दर्शक ट्रुफोने तर लिहिलं की हा चित्रपट दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रहावरून आला आहे, जिथे चित्रपट वेगळ्या पद्धतीने काढतात. सामान्य प्रेक्षक मात्र गोंधळला. तो युलोला बघायला आला होता, आणि युलो गर्दीत हरवलेला. वर त्याच्यासारखा रेनकोट आणि टोपी घातलेले तोतये युलो अधूनमधून येऊन आणखी चकवतात. दहा वर्षं ज्या पात्राची वाट पाहिली तेच पात्र दिग्दर्शकाने मुद्दाम पुसट केलं होतं. प्रेक्षकाला दोष देता येत नाही. कथा नाही, नायक नाही, आणि लांबी एवढी.

तातीने स्वतःच कात्री हाती घेतली आणि प्रदर्शनानंतर चित्रपट दोन तासांच्या आसपास आणला. प्रकृतीने अतिशय मानी माणूस, तरी कापायला तयार झाला. मग एका गोष्टीवर तो का अडून राहिला, हेच कोडं आहे. ती अट अशी की चित्रपट फक्त ७० एमएमचं प्रोजेक्टर आणि स्टिरिओ ध्वनियंत्रणा असलेल्या चित्रपटगृहांतच लागेल. ३५ एमएमच्या प्रिंट द्यायला त्याने साफ नकार दिला.

याचा धंद्याच्या भाषेत अर्थ काय होतो ते पाहू. ७० एमएमची चित्रपटगृहं मोठ्या शहरांत, तीही मोजकी. तिथे चित्रपट काही आठवडे चालणार आणि पुढचा भव्य चित्रपट आला की उतरणार. त्यानंतर छोटी गावं, उपनगरं, फिल्म सोसायट्या, शाळा अशी जी लांब साखळी असते, जिथे ‘मस्यू युलोची सुट्टी’ वर्षानुवर्षं चालत राहिला असणार, ती सगळी ३५ एमएमची किंवा त्याहून लहान. तातीच्या आधीच्या चित्रपटांचं बळ या साखळीत होतं. ती साखळी त्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने तोडली. ७० एमएमच्या निगेटिव्हवरून ३५ एमएमची प्रिंट काढता येते, तेव्हाही येत होती. सेटच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, ३५ एमएममध्ये ‘प्लेटाइम’ निम्मा हरवतो. पण कृष्णधवल ‘ज्युर द फेत’ही तातीच्या कल्पनेच्या निम्माच होता, आणि तरीही तोच लोकांनी डोक्यावर घेतला. १९४७च्या तातीजवळ दुसरा कॅमेरा होता, १९५८च्या तातीजवळ दुसरी भाषा होती. १९६७च्या तातीने दुसरं काही ठेवलंच नाही. माझ्या मते फरक पडला तो शेजारच्या माणसामुळे. पहिल्या वेळी ओराँसारखा निर्माता सोबत होता, ज्याची नजर वसुलीवर असणार. या वेळी अंतिम शब्द तातीचाच होता.

याची कडू बाजू अशी की ३५ एमएम शेवटी टळली नाहीच. अमेरिकेत ‘प्लेटाइम’ लागला तो १९७३मध्ये, वितरकांच्या सांगण्यावरून ३५ एमएममध्ये, आणि तोही १०३ मिनिटांचा करून. जे १९६७मध्ये स्वतःच्या अटींवर देता आलं असतं ते सहा वर्षांनी दुसऱ्याच्या अटींवर द्यावं लागलं, आणि तोवर मधल्या काळातलं व्याज चढून गेलं होतं.

कर्ज

हा या प्रकरणाचा सगळ्यात कोरडा भाग, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चित्रपट आपटला म्हणून दिग्दर्शक रस्त्यावर येतोच असं नाही. चित्रपट ज्या कंपनीच्या नावावर असतो ती बुडते, माणूस दुसऱ्या कंपनीतून पुन्हा उभा राहतो. तातीच्या बाबतीत ही भिंतच नव्हती. स्पेक्टा म्हणजे ताती आणि ताती म्हणजे स्पेक्टा. पैसे कमी पडत गेले तसा तो आपल्याजवळचं एकेक बँकेपुढे ठेवत गेला. स्वतःची मालमत्ता ठेवली, आणि आधीच्या चित्रपटांचं उत्पन्नही कर्जात गुंतलं. सें-जर्में-आँ-ले इथलं कुटुंबाचं घर आईच्या निधनानंतर विकावं लागलं आणि घरची मंडळी पॅरिसमध्ये परत राहायला आली.

घर जाणं दुःखाचं, पण जुन्या चित्रपटांचे हक्क जाणं त्याहून वाईट. मोजके चित्रपट काढणाऱ्या माणसाची पेन्शन म्हणजे त्याचे जुने चित्रपट. दर पाच-सात वर्षांनी पुनःप्रदर्शन, दूरचित्रवाणी, परदेशातले हक्क. ताती चार-पाच वर्षांतून एक चित्रपट करणारा. मधल्या काळात त्याला जगवणारी ती एकच गोष्ट होती, आणि नवा चित्रपट पूर्ण करायला त्याने तीच तारण टाकली. १९७४मध्ये स्पेक्टाचं दिवाळं निघालं तेव्हा कंपनीकडचे चित्रपटांचे सगळे हक्क लिलावात गेले, जेमतेम एक लाख वीस हजार फ्रँकांना. ज्या वास्तूसाठी हे तारण दिलं होतं ती त्याआधीच जमीनदोस्त झाली होती.

तो पर्यायी कुठला मार्ग धरू शकला असता? ‘प्लेटाइम’साठी वेगळी कंपनी काढून जुने चित्रपट तिच्या हिशेबातून बाहेर ठेवायचे, किंवा ऑस्करची हवा ताजी असताना अमेरिकेचे हक्क आगाऊ विकायचे. आज घरबसल्या हे सुचवणं सोपं आहे, मान्य. बँकेने जुने चित्रपट तारण घेतल्याशिवाय पैसे दिलेच नसते असंही कुणी म्हणेल. मग चित्रपट लहान करावा लागला असता. रॉयल गार्डनची रात्र ठेवून बाकी शहर निम्म्यावर आणलं असतं तर? मला वाटतं निम्म्या शहरातही तो चित्रपट थोरच झाला असता. पण ताती मला हे वाक्य पुरं करू देणार नाही, याचीही खात्री आहे.

उरलेली वर्षं

१९६९मध्ये त्याने नवी छोटी कंपनी काढली. १९७१चा ‘त्राफिक’ हा फ्रेंच-डच मेळातून झाला. युलो पॅरिसहून ॲम्स्टरडॅमच्या मोटारींच्या प्रदर्शनाला स्वतः आखलेली गाडी घेऊन निघतो आणि वाटेत अडकत जातो. युलो पुन्हा मध्यभागी आला, म्हणजे ज्याला पुसायचं होतं त्यालाच परत बोलवावं लागलं. १९७४चा ‘पाराद’ स्वीडनच्या दूरचित्रवाणीसाठी, बराचसा व्हिडिओवर, सर्कशीच्या रिंगणात. त्यात वयाची साठी उलटलेला ताती तरुणपणीच्या खेळाडूंच्या नकला पुन्हा करून दाखवतो, आणि अजूनही घोडा आणि स्वार दोन्ही तोच असतो. ‘कन्फ्युजन’ नावाच्या चित्रपटाची पटकथा तयार होती, ती कागदावरच राहिली. १९७७मध्ये फ्रेंच चित्रपटसृष्टीने सन्मानाचा सेझार पुरस्कार दिला. नोव्हेंबर १९८२मध्ये तो पॅरिसमध्ये वारला.

हक्क परत गोळा करण्याचं आणि निगेटिव्ह सांभाळण्याचं काम सोफीने चिकाटीने चालवलं. २००१मध्ये जेरोम देशाँ आणि माशा माकेयेफ या नाट्यदिग्दर्शकांसोबत तिने ‘ले फिल्म द मों ओंक्ल’ ही संस्था उभी केली. त्याच वर्षी तीही गेली. पुढच्या वर्षी कान महोत्सवात ‘प्लेटाइम’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. ती दोन तासांहून थोडी मोठी आहे. १९६७च्या पहिल्या खेळाची अडीच तासांची लांबी तिच्यात नाही. ब्रिटिश मासिक ‘साइट अँड साउंड’ दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. २०२२च्या यादीत ‘प्लेटाइम’ २३व्या क्रमांकावर होता.

मोठ्या निगेटिव्हवर चित्रित झाल्यामुळे ही दुरुस्त प्रत आजही कमालीची रेखीव दिसते, इतकी की मागच्या रांगेतला कापलेला फोटो आणि खरा माणूस यांतला फरक ओळखता येतो. मोबाइलवर हा चित्रपट बघण्यात अर्थ नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर लावा, आवाज नीट लावा, आणि रॉयल गार्डनचा भाग लगेच दुसऱ्यांदा बघा. पहिल्या खेपेला डोळे युलोच्या मागे धावतात. दुसऱ्या खेपेला मधल्या टेबलाजवळच्या माशावर नजर ठेवा. एकेक वेटर येऊन त्याच माशावर पुन्हा नव्याने मसाला टाकून जातो, आणि मासा काही केल्या कुणाच्या ताटात पडत नाही.